झोपेत किंचाळणे आणि मध्यरात्रीचे पॅनिक अटॅक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रात्री घाबरून उठणे म्हणजे सगळे एकच ना?

नाही, आणि बहुतेक घोळ इथेच होतो. रात्री कुणीतरी दचकून उठले, घामाने भिजले, छाती धडधडतेय, एवढेच पाहिले तर नाइट टेरर (झोपेतच घाबरून किंचाळणे), वाईट स्वप्न आणि पॅनिक अटॅक (अचानक उसळणारी तीव्र भीती) हे तिन्ही सारखेच दिसतात. फरक कळायला दोन प्रश्न पुरतात: त्या क्षणी माणूस जागा आहे की झोपेत, आणि जागा असेल तर सांगण्यासारखे स्वप्न आहे का?

नाइट टेररमध्ये तो झोपेतच असतो. डोळे उघडे असतील, ओरडत असेल, खोलीत पळतही असेल, पण तुम्ही त्याला दिसत नसता आणि सकाळी त्याला काही आठवत नाही. वाईट स्वप्नात माणूस जागा होतो आणि काय दिसले ते सांगू शकतो. पॅनिक अटॅकमध्येही तो पूर्ण जागा असतो, मात्र सांगण्यासारखे स्वप्न नसते. नुसती भीती असते, आणि दुसऱ्या दिवशी तिचा क्षण न् क्षण आठवतो.

हा फरक महत्त्वाचा, कारण उपाय उलटे आहेत. झोपेत किंचाळणाऱ्याला जितके कमी छेडाल तितके बरे. पॅनिक अटॅक आलेल्याला मात्र आवाज, उजेड आणि सोबत लागते.

घड्याळावरून काही कळते का?

बऱ्यापैकी. रात्रीच्या पहिल्या एक-तृतीयांश भागात गाढ झोप जास्त असते, म्हणून नाइट टेरर झोप लागल्यापासून साधारण १ ते ३ तासांत येतो. स्वप्नांची झोप पहाटेकडे वाढत जाते, म्हणून वाईट स्वप्ने बहुधा उत्तररात्रीची. पॅनिक अटॅक हलक्या झोपेतून गाढ झोपेत उतरताना येतो, म्हणजे तोही पूर्वरात्रीच. त्यामुळे नुसत्या वेळेवरून नाइट टेरर आणि पॅनिक वेगळे काढता येत नाहीत. तिथे सकाळची आठवणच कामी येते.

मुलाचे डोळे सताड उघडे असतात, मग तो झोपेत कसा?

गाढ झोपेतून वर येताना मेंदू अर्ध्यात अडकतो. हालचाल, आवाज आणि भीती सांभाळणारे भाग जागे होतात, भान आणि स्मृती सांभाळणारे झोपलेलेच राहतात. म्हणून मूल ताडकन उठून बसते, बुबुळे मोठी झालेली, नाडी जोरात, अंगाला घाम. आईला ढकलून देते आणि त्याच वेळी ‘आई’ म्हणून हाकही मारते. पाहणाऱ्याच्या काळजाचे पाणी होते, पण मुलाच्या लेखी त्यातले काहीच घडलेले नसते. खरे सांगायचे तर नाइट टेररचा सगळा त्रास पाहणाऱ्याच्या वाट्याला येतो.

प्रकार बहुतेकदा १ ते १० मिनिटे चालतो, क्वचित अर्ध्या तासापर्यंत. मग मूल एकदम शांत होऊन पुन्हा झोपी जाते.

हलवून, तोंडावर पाणी मारून जागे करावे का?

करू नये. जागे करून धोका होतो असे नाही. पण जबरदस्तीने उठवले की अर्धवट जागा मेंदू त्या स्पर्शालाच हल्ला समजतो, झटापट वाढते आणि प्रकार लांबतो. त्यातून मूल खरेच जागे झाले, तर गोंधळलेले आणि घाबरलेले असते. सभोवती चार घाबरे चेहरे पाहिले की त्याला पहिल्यांदाच खरी भीती वाटते.

जवळ बसा. मोठा दिवा लावू नका. हळू आवाजात एकच साधे वाक्य पुन्हा पुन्हा म्हणा: ‘मी इथेच आहे, झोप.’ प्रश्न विचारू नका. मूल उठून चालायला लागले तर धरून ठेवू नका, खांद्याला अलगद हात लावून बिछान्याकडे वळवा. किती मिनिटे चालले ते घड्याळात पाहा आणि जमल्यास मोबाइलवर व्हिडिओ घ्या. डॉक्टरांना तुमच्या वर्णनापेक्षा त्या दोन मिनिटांतून जास्त कळते.

सकाळी ‘काल रात्री तू केवढा ओरडलास!’ हे बोलू नका. भावंडांनाही चिडवू देऊ नका. आठवत नसलेल्या गोष्टीची लाज वाटायला लागली की मूल झोपायलाच घाबरते, आणि झोप कमी झाली की त्रास वाढतो.

हे का होते? मुलाच्या मनात काही दडले आहे का?

बहुतेक वेळा नाही. ३ ते १२ वर्षांच्या मुलांमध्ये हा प्रकार जास्त दिसतो आणि किशोरवयापर्यंत बहुतेकांचा आपोआप थांबतो. आईवडिलांपैकी कुणी लहानपणी झोपेत चालत किंवा ओरडत असेल तर शक्यता वाढते. म्हणजे कल जन्मजात असतो, त्याला ठिणगी देणाऱ्या गोष्टी वेगळ्या.

त्यांत पहिला क्रमांक अपुऱ्या झोपेचा. झोप कमी पडली की शरीर पुढच्या रात्री गाढ झोप वाढवून तूट भरते, आणि गाढ झोप जितकी खोल तितके त्यातून वर येणे अडखळत होते. दुपारची झोप नुकतीच सुटलेली मुले, प्रवासाहून आलेली मुले, परीक्षेच्या दिवसांत उशिरा झोपणारी मुले या तडाख्यात सापडतात. ताप, भरलेले मूत्राशय, नवी जागा, अचानक झालेला आवाज, घरातला ताण हीही कारणे आहेत.

आणि एक कारण हमखास नजरेआड होते, ते म्हणजे घोरणे. टॉन्सिल किंवा नाकामागच्या ग्रंथी वाढल्या की झोपेत श्वास अडतो, दर अडथळ्याला मेंदू अर्धवट जागा होतो आणि त्यातूनच किंचाळणे सुरू होते. मूल रोज घोरत असेल, तोंड उघडे टाकून झोपत असेल, झोपेत घामाघूम होत असेल, तर आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. तसेच रात्रभर पाय झाडणाऱ्या मुलाच्या रक्तातले लोह आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासून घेण्यासारखे असते.

रोज जवळपास ठरलेल्या वेळी होते. थांबवता येते का?

येते. वेळ ठरलेली असेल तर काम सोपे होते. या पद्धतीला ‘ठरवून जागे करणे’ म्हणता येईल. १९८८ पासून ती वैद्यकीय साहित्यात आहे आणि तिला औषध लागत नाही.

आधी ५ ते ७ रात्री वहीत तीन गोष्टी टिपा: झोप कधी लागली, प्रकार कधी सुरू झाला, कधी संपला. समजा, झोप लागल्यावर साधारण ९० मिनिटांनी होते. मग झोप लागल्यापासून ६० ते ७५ मिनिटांनी, म्हणजे प्रकाराच्या १५ ते ३० मिनिटे आधी, मुलाला हलकेच जागे करा. कूस बदलेल, काहीतरी पुटपुटेल, क्षणभर डोळे उघडेल, एवढे पुरे. मग झोपू द्या. असे रोज, एकही रात्र न चुकवता, २ ते ४ आठवडे करा. नंतर थांबवून पाहा. त्रास परतला तर आणखी एक फेरी.

हे फसते ते नेहमीच्या चुकांमुळे. लोक भिंतीवरचे घड्याळ धरून चालतात. मूल एखाद्या दिवशी तासभर उशिरा झोपले तरी उठवतात मात्र ठरल्या वेळीच. मोजायचे असते झोप लागल्यापासून. दुसरे, दोन शांत रात्री गेल्या की उठवणे सोडून देतात. तिसरे, झोपेची तूट तशीच ठेवून हा प्रयोग करतात, आणि मग उठवण्यानेच प्रकार सुरू होतो. म्हणून आधी आठवडाभर झोपायची वेळ ३० मिनिटे अलीकडे आणा. कित्येक घरांत त्रास तेवढ्यानेच कमी होतो. ३ ते ५ वर्षांच्या मुलाला दुपारची झोप धरून दिवसाकाठी १० ते १३ तास आणि ६ ते १२ वर्षांच्या मुलाला ९ ते १२ तास झोप लागते.

महिन्यातून एकदा, कधीही होत असेल तर या पद्धतीचा उपयोग नाही. तिथे झोप पुरेशी ठेवणे आणि वाट पाहणे हेच बरे.

घरात काय बदलावे?

दोन मजली पलंगाची वरची जागा बंद. गादी जमिनीवर असेल तर उत्तम. बिछान्याजवळ काच, टोकदार कोपरे, टेबल फॅन नको. खिडकीला जाळी किंवा कडी, जिन्याच्या तोंडाशी फाटक, बाहेरच्या दाराला मुलाच्या हाताला न लागणारी कडी. दाराला छोटी घंटा बांधली तर मूल चालू लागल्याचे लगेच कळते. निजण्याआधी लघवीला नेणे विसरू नका.

मोठ्या माणसांनाही नाइट टेरर होतो का?

होतो, फक्त कमी. त्यांच्यात झोपेची तूट, रात्रपाळी, ताण, मद्यपान आणि झोपेत श्वास अडणे ही कारणे शोधावीत. झोल्पिडेमसारख्या झोपेच्या गोळ्या आणि काही नैराश्यविरोधी औषधांमुळेही झोपेतल्या हालचाली वाढू शकतात. त्रास नवे औषध सुरू केल्यानंतरचा असेल तर ते डॉक्टरांना सांगा, गोळी स्वतःहून बंद करू नका.

मोठ्यांच्या बाबतीत इजेची काळजी जास्त. माणूस खिडकीकडे धावू शकतो किंवा अडवणाऱ्याला मारू शकतो. जोडीदाराने मिठी मारून रोखायला जाऊ नये. थोडे लांब उभे राहून नाव घेऊन बोलावे आणि वाट मोकळी ठेवावी. झोपेत घडलेल्या झटापटीचा राग दिवसा काढू नये, त्याने भांडणाखेरीज काही निघत नाही.

वयाच्या पन्नाशीनंतर पहिल्यांदाच, पहाटेच्या वेळी, स्वप्नातल्या मारामारीप्रमाणे खरेच हातपाय चालवणे सुरू झाले तर तो वेगळा विकार आहे. त्याचा पार्किन्सनसारख्या आजारांशी संबंध असू शकतो. मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवायला उशीर करू नका.

फिट नाही ना, हे कसे ओळखायचे?

फिट बहुधा २ मिनिटांच्या आत संपते, एका रात्रीत अनेकदा येऊ शकते आणि दर वेळी हुबेहूब तशीच असते: तोच हात वर, तसाच आवाज, तशीच मान वळवणे. नाइट टेरर रात्रीतून बहुधा एकदाच येतो आणि दर वेळी थोडा वेगळा असतो. अंग ताठ होणे, ठेक्यात झटके, जीभ चावली जाणे, किंवा असाच प्रकार दिवसाही होणे, यांपैकी काहीही दिसले तर तपासणी हवीच.

स्वप्नही पडले नव्हते, चिंताही नव्हती. मग झोपेत पॅनिक अटॅक कसा येतो?

झोपेत श्वास संथ होतो, नाडी बदलते, रक्तातला कार्बन डायऑक्साइड किंचित वाढतो. हे सगळ्यांच्याच बाबतीत होते. पण ज्यांच्या मेंदूला शरीरातला प्रत्येक छोटा बदल धोका वाटायची सवय लागली आहे, त्यांच्यात तेवढ्यानेही धोक्याची घंटा वाजते. अॅड्रेनालिन उसळते, आणि माणूस जागा होतो तो भीतीच्या ऐन मध्यावर. दिवसाच्या अटॅकला थोडी चाहूल तरी लागते, रात्री तीही नसते, म्हणून हा जास्त भयानक वाटतो.

छातीत धडधड, जीव कोंडणे, हातपाय गार पडणे, ओठांना आणि बोटांना मुंग्या, घाम, कापरे, ‘आता मी मरणार’ ही खात्री. लाट साधारण १० मिनिटांत शिखरावर जाते आणि ओसरू लागते. थकवा आणि हुरहुर त्यानंतरही तासभर रेंगाळते. तो दुसरा अटॅक नव्हे, पहिल्याचा गाळ असतो.

हार्ट अटॅक नाही कशावरून?

घरबसल्या खात्रीने सांगता येत नाही. हे कटू असले तरी खरे आहे. म्हणून नियम साधा ठेवा. असा त्रास पहिल्यांदाच होत असेल, किंवा वय चाळिशीच्या पुढे असेल, मधुमेह, रक्तदाब, धूम्रपान, घरात हृदयविकार यांपैकी काही असेल, तर त्याला पॅनिक म्हणू नका, रुग्णालयात जा. छातीवर दाब, तो हात, जबडा किंवा पाठीकडे पसरणे, शुद्ध हरपणे, २० मिनिटांनंतरही न ओसरणारा श्वासाचा त्रास ही तातडीची लक्षणे आहेत. स्त्रियांमध्ये आणि मधुमेहींमध्ये छातीत दुखणे ठळक नसूनही हृदयविकार असू शकतो.

इन्सुलिन किंवा साखर कमी करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी रात्री घामाघूम होऊन उठल्यावर आधी साखर मोजावी. ७० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली असेल तर १५ ग्रॅम साखर, म्हणजे साधारण तीन चमचे, पाण्यात घालून प्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजावी. थायरॉइडचा अतिरेक, हृदयाची अनियमित गती, घशाशी येणारे आम्ल आणि झोपेत श्वास अडणे हेही पॅनिकसारखेच उठवतात. एकदा नीट तपासणी करून घ्या. ती स्वच्छ आली की दर महिन्याला ईसीजी काढत बसू नका. दर नव्या तपासणीने दिलासा चार दिवस मिळतो आणि शंका मात्र पक्की होत जाते.

अटॅक चालू आहे. नेमके काय करू?

उठून बसा, पाय जमिनीला टेकवा. मंद दिवा लावा. मनात किंवा मोठ्याने म्हणा: ‘हा पॅनिक अटॅक आहे, दहा मिनिटांत ओसरू लागेल.’

आता श्वास. सगळे ‘दीर्घ श्वास घे’ सांगतात, आणि त्यानेच बिघडते. त्या वेळी तुम्ही आधीच गरजेपेक्षा जास्त हवा घेत असता. कार्बन डायऑक्साइड खाली गेलेला असतो, चक्कर आणि मुंग्या त्याच्याच. आणखी मोठे श्वास घेतले की त्या वाढतात. म्हणून भर उच्छ्वासावर द्या. आधी हवा सोडा. मग नाकाने ४ अंक मोजत हलका श्वास, ओठांचा चंबू करून ६ अंक मोजत सोडणे. मिनिटाला साधारण ६ श्वास. हात पोटावर ठेवा, पोट हलले पाहिजे, खांदे नाही. ५ मिनिटे पुरे. चार-सहा जमत नसेल तर तीन-चार करा, आकड्यांचे सोवळे नाही.

कागदी पिशवीत श्वास घेऊ नका. त्रास दम्याचा किंवा हृदयाचा असेल तर त्याने प्राणवायू धोकादायकरीत्या कमी होतो.

लाटेशी झुंजू नका. ‘थांब, थांब’ म्हटले की शरीर त्याचाही अर्थ धोका असाच घेते. धडधड होऊ द्या, तिच्याकडे लक्ष असू द्या, फक्त तिला नवी गोष्ट जोडू नका.

शेजारी झोपलेल्याने काय करावे?

जागे असल्याची खात्री करून घ्या. नाव घेऊन विचारा, उत्तर सुसंगत आले तर पॅनिक समजा. मग हळू बोला आणि स्वतःच चार-सहाच्या लयीत श्वास घ्या, समोरचा आपसूक त्या लयीत येतो. हात लावण्याआधी विचारा. ‘काही झालेले नाही, झोप गुपचूप’ हे टाळा. घडते आहे ते खरे आहे, फक्त जीवघेणे नाही.

नंतर झोपच लागत नाही.

लगेच पडून राहू नका. १५-२० मिनिटे दुसऱ्या खोलीत, मंद उजेडात कंटाळवाणे काहीतरी करा. घड्याळ पाहू नका, मोबाइलवर लक्षणे शोधू नका. झोप डोळ्यांवर आली की परत या. सकाळी नेहमीच्या वेळीच उठा. भरपाई म्हणून दुपारपर्यंत झोपलात तर पुढची रात्र बिघडते.

आता झोपायचीच भीती वाटते.

इथे आजार मूळ धरतो, म्हणून या प्रश्नाला जास्त जागा देतो. अटॅक आला की माणूस स्वतःला वाचवायला लागतो: उशिरा झोपणे, दिवा चालू ठेवणे, बसून झोपणे, उशाशी गोळी, सोबत कुणी असल्याशिवाय न झोपणे, सारखी नाडी पाहणे. प्रत्येक उपाय त्या रात्रीपुरता बरा वाटतो. पण मेंदू त्यातून शिकतो की वाचलो ते दिव्यामुळे, गोळीमुळे. अटॅक मुळात आपोआपच ओसरतो, हे त्याला कळायची संधीच मिळत नाही.

सवयी सोडायच्या त्या एकेक करून. आठवडाभर दिवा मंद, मग बाहेरच्या खोलीतला, मग बंद. नाडी दर तासाला पाहत असाल तर आधी दिवसातून दोनदा, मग एकदा, मग नाही. सगळे एका रात्रीत सोडायला गेलात तर तिसऱ्या रात्री सगळे परत येते.

बाकी नेहमीचे, पण पॅनिकमध्ये त्याचे वजन जास्त: कॅफिनचा अर्धा अंमल उतरायलाच ५ तासांच्या आसपास लागतात आणि ते स्वतःच धडधड वाढवते, म्हणून दुपारनंतर चहा-कॉफी नको. मद्याने झोप लवकर लागते, पण उत्तररात्री तुटते.

उपचार काय असतात? गोळ्यांची सवय लागेल का?

पॅनिकवर सर्वांत टिकाऊ गुण संज्ञानात्मक वर्तन उपचाराने (विचार आणि वागणे बदलायला शिकवणारा, बोलण्यातून होणारा उपचार) येतो. आठवड्याला एक बैठक, एकूण साधारण ७ ते १४ तास. त्यात भीतीदायक वाटणाऱ्या शारीरिक जाणिवा मुद्दाम निर्माण करून त्यांची सवय लावतात: जागच्या जागी १ मिनिट धावणे, खुर्चीत गरगर फिरणे, बारीक नळीतून श्वास घेणे. रात्रीच्या अटॅकसाठी अंधारात आडवे पडून अंग सैल सोडण्याचाही सराव असतो, कारण काहींना नेमके सैल होण्याचेच भय असते. हृदयविकार, दमा, अपस्मार किंवा गर्भारपण असेल तर हे सराव डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नयेत.

औषधांत सर्ट्रालिन, पॅरॉक्सेटिनसारखी औषधे मुख्य. गुण यायला २ ते ६ आठवडे लागतात. पहिल्या काही दिवसांत अस्वस्थता उलट वाढू शकते. हे आधी न सांगितल्यामुळे कित्येक जण तिथेच सोडून देतात. त्यांची नशेसारखी चटक लागत नाही, पण एकदम बंद केल्यास त्रास होतो, म्हणून मात्रा हळूहळू उतरवतात. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम यांनी तासाभरात आराम पडतो, मात्र सवय यांचीच लागते. रोजच्या वापरासाठी ती नव्हेत.

मुलांच्या नाइट टेररला औषधाची गरज क्वचितच पडते.

जाग आली, पण हात हलेना, छातीवर कुणी बसल्यासारखे वाटले. हेही पॅनिकच का?

तो निद्रा-पक्षाघात. स्वप्नांच्या झोपेत शरीर मुद्दाम शिथिल ठेवलेले असते. मेंदू जागा झाला तरी कधीकधी ती शिथिलता काही सेकंद ते दोनेक मिनिटे उतरत नाही. खोलीत कुणी असल्याचा भासही होतो. पूर्ण अंग हलवायची धडपड न करता एक बोट किंवा जीभ हलवायचा प्रयत्न करा, श्वासावर लक्ष ठेवा. उताणे झोपल्यावर आणि झोप अपुरी असताना हे जास्त होते. क्वचित झाले तर काळजीचे नाही. वारंवार होत असेल आणि दिवसा अनावर झोप येत असेल, तर झोपेच्या तज्ज्ञांना भेटा.

डॉक्टरांकडे कधी जावे, आणि काय घेऊन जावे?

मुलाला आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा होत असेल, अर्ध्या तासाहून लांबत असेल, इजा झाली असेल, दिवसा मूल पेंगत असेल, किंवा त्रास बाराव्या वर्षानंतर नव्याने सुरू झाला असेल, तर जावे. पॅनिकच्या बाबतीत महिनाभर पुढच्या अटॅकची धास्ती राहिली किंवा तिच्यामुळे जगण्याचा क्रम बदलू लागला, तर थांबू नये. जगणे नकोसे वाटत असेल तर त्याच दिवशी कुणाला तरी सांगा आणि डॉक्टरांना गाठा.

सोबत दोन आठवड्यांची वही न्या: झोपायची वेळ, जाग आल्याची वेळ, किती मिनिटे, सकाळी आठवले का, त्या दिवशीचे कॅफिन, मद्य आणि औषधे. घोरण्याबद्दल शेजारी झोपणाऱ्याला विचारून लिहा, कारण स्वतःचे घोरणे कुणालाच ऐकू येत नाही.